मीटर शांत आहे म्हणजे टेबल स्वच्छ आहे का? पृष्ठभागावरचं किरणोत्सर्गी कंटॅमिनेशन मोजताना

प्रश्न असा आहे: हाताशी पॅनकेक प्रोबचा (चपट्या, गोल खिडकीच्या शोधकाचा) जीएम मीटर, म्हणजे गायगर-म्युलर काउंटर आहे. कामाच्या टेबलावरून प्रोब फिरवला, आकडा बॅकग्राउंडइतकाच (परिसरात मुळातच असलेल्या किरणोत्सर्गाइतकाच) आला. मग टेबल स्वच्छ असल्याचं लिहून द्यायचं का? मर्यादा बेकरेल (सेकंदाला एक विघटन) प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये दिलेली असते आणि मीटर दाखवतो सीपीएम (मिनिटाला काउंट), तर एकातून दुसऱ्यात कसं जायचं? आणि एवढं करून वर वाइप (कागदाने पुसून घेतलेला नमुना) घ्यायची खरंच गरज आहे का?

तेवढ्यावर लिहून देता येत नाही. मीटर फक्त खिडकीतून आत शिरलेल्या आणि मोजल्या गेलेल्या कणांची संख्या सांगतो. तिथून पृष्ठभागावरच्या ॲक्टिव्हिटीपर्यंत (विघटनांच्या दरापर्यंत) जाताना न्यूक्लाइड, म्हणजे किरणोत्सर्गी अणूचा प्रकार, कोणतं, प्रोब किती उंचीवर, पृष्ठभाग कसला, सरासरी किती क्षेत्रफळावर, अशी बरीच गृहीतकं मध्ये येतात. ती ठरलेली नसतील तर आकडा कितीही स्थिर दिसला तरी ते मोजमाप नाही.

सुरुवात न्यूक्लाइडपासून

टेबलावर काय सांडलं असू शकतं, हे प्रोब उचलण्याआधी माहीत हवं. ट्रिटियमच्या (किरणोत्सर्गी हायड्रोजनच्या) बीटा कणांची, म्हणजे इलेक्ट्रॉनांची, कमाल ऊर्जा १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. हवेत ते जेमतेम सहा मिलिमीटर जातात आणि पॅनकेकची अभ्रकाची खिडकी (जाडी साधारण १.४ ते २ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंमी) त्यांना ओलांडता येत नाही. टेबल ट्रिटियमने माखलेलं असलं तरी मीटर गप्पच राहील. तिथे वाइप आणि लिक्विड सिंटिलेशन काउंटर (नमुना द्रावणात टाकून त्यातल्या प्रकाशाच्या चमका मोजणारं यंत्र) हाच मार्ग.

कार्बन-१४ (१५६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) पॅनकेकला दिसतो, पण अंधुक. शंभर विघटनांमागे साधारण पाच काउंट, तेही कॅलिब्रेशनच्या गुळगुळीत चकतीवर. फॉस्फरस-३२ (१.७१ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट) मात्र ठळक दिसतो, शंभरामागे बत्तीसच्या आसपास. आयोडीन-१२५ कडे बीटा नाहीतच. त्याचे २७ ते ३५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे एक्स आणि गॅमा किरण जीएम नळीतल्या वायूतून बहुतेक आरपार निघून जातात, म्हणून त्यासाठी पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा प्रोब लागतो. टेक्नेशियम-९९एमची १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची गॅमाही पॅनकेकला फारशी दिसत नाही.

अल्फाची गत सगळ्यांत नाजूक. ५.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा अल्फा हवेत सुमारे चार सेंटिमीटर जातो, वजनात सांगायचं तर पाच मिलिग्रॅम प्रति चौरस सेंमीच्या आत संपतो. अभ्रकाची खिडकीच त्यातला दीड-एक सेंटिमीटर हवेइतका पल्ला खाते. प्रोब एक सेंटिमीटर उंच धरला की तेवढा आणखी गेला. जे तिरके निघाले ते खिडकीपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून अल्फासाठी अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी, आणि शक्य असेल तर झिंक सल्फाइडचा सिंटिलेशन प्रोब (कण आदळला की उमटणारी चमक मोजणारा). २००६ साली लंडनमध्ये अलेक्झांडर लित्विनेन्को यांना पोलोनियम-२१० दिलं गेलं, तेव्हा रुग्णालयातल्या गायगर तपासणीत काहीच सापडलं नव्हतं. पोलोनियम-२१० जवळजवळ निव्वळ अल्फा सोडतं. अल्फा नेमका शोधायला घेतल्यावर निदान पक्कं झालं आणि पुढे शहरभर खुणा सापडत गेल्या.

आणखी एक घोळ इथेच निस्तरायला हवा. बऱ्याच मीटरवर सीपीएमच्या शेजारी मायक्रोसिव्हर्ट प्रति तास अशी पट्टी असते. ती सहसा सीझियम-१३७ च्या गॅमावर कॅलिब्रेट केलेली असते. बीटा कंटॅमिनेशनसमोर धरलेल्या पॅनकेकवर ती वाचून डोस सांगणं म्हणजे तराजूवर ताप मोजणं. कंटॅमिनेशन मोजताना त्या पट्टीकडे बघूच नका.

सीपीएमचे बेकरेल करताना

मूळ हिशेब सोपा आहे. एकूण काउंट दरातून बॅकग्राउंड वजा करा, ६० ने भागून प्रति सेकंद करा, मग उपकरणाची कार्यक्षमता, पृष्ठभागाची कार्यक्षमता आणि प्रोबच्या खिडकीचं क्षेत्रफळ या तिघांच्या गुणाकाराने भागा. उत्तर बेकरेल प्रति चौरस सेंमी.

कार्यक्षमता दोन भागांत का तोडायची, हे आयएसओ ७५०३ या मानकात नीट मांडलंय. उपकरणाची कार्यक्षमता म्हणजे पृष्ठभागातून वर बाहेर पडलेल्या कणांपैकी किती मोजले गेले. ती कॅलिब्रेशन सोर्सवरून (किंमत माहीत असलेल्या किरणोत्सर्गी चकतीवरून) मिळते. पृष्ठभागाची कार्यक्षमता म्हणजे तिथे झालेल्या विघटनांपैकी किती कण मुळात वर बाहेर पडले. अर्धे खाली जातात, काही खरवडलेल्या पृष्ठभागात, धुळीत, मेणाच्या थरात अडकतात. नेमकी माहिती नसेल तर कमाल बीटा ऊर्जा ०.४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर असल्यास ०.५, आणि ०.१५ ते ०.४ मधल्या बीटांना व अल्फांना ०.२५ धरायचं.

याचा परिणाम केवढा होतो ते कार्बन-१४ वर बघा. मीटरच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावर ५ टक्के एकूण कार्यक्षमता लिहिलेली असते, म्हणजे बाहेर पडलेल्या कणांच्या हिशेबात सुमारे १० टक्के. खऱ्या टेबलासाठी ०.१० ला ०.२५ ने गुणलं की उरले अडीच टक्के. प्रमाणपत्रावरचे ५ टक्के जसेच्या तसे वापरले तर उत्तर निम्मं येतं. फॉस्फरस-३२ ला हा फटका बसत नाही: ०.६४ गुणिले ०.५, पुन्हा ०.३२ च. चुका होतात त्या कमी ऊर्जेच्या बीटांमध्ये आणि अल्फांमध्ये.

प्रमाणपत्र वाचताना दोन गोष्टी तपासा. सोर्सची किंमत बेकरेलमध्ये आहे की वरच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या कणांच्या दरात? आणि सोर्स स्ट्रॉन्शियम-९० चा असेल तर आकडा एकट्या स्ट्रॉन्शियमचा आहे की यिट्रियम-९० धरून? ही जोडी समतोलात असताना एका विघटनामागे दोन बीटा निघतात, त्यामुळे गफलत झाली तर थेट दुपटीची होते.

एक ठिपका, तीन उत्तरं

पॅनकेकच्या खिडकीचं क्षेत्रफळ साधारण १५.५ चौरस सेंमी. समजा फॉस्फरस-३२ चा एक चौरस सेंमीचा थेंब वाळलाय आणि बॅकग्राउंड वजा जाता ४८० सीपीएम येतात. म्हणजे सेकंदाला ८, भागिले ०.३२, म्हणजे २५ बेकरेल. आता भागायचं कशाने? खिडकीच्या क्षेत्रफळाने भागलं तर १.६ बेकरेल प्रति चौरस सेंमी. शंभर चौरस सेंमीवर सरासरी काढली तर ०.२५. प्रत्यक्ष थेंबाच्या जागेवर २५. तिन्ही हिशेब बरोबर आहेत. कोणता लिहायचा हे मर्यादेसोबत दिलेल्या सरासरी-क्षेत्रफळावर ठरतं. किरणोत्सर्गी मालाच्या वाहतुकीसाठीच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियमांत पॅकेजवरच्या सुट्या कंटॅमिनेशनची मर्यादा बीटा-गॅमा आणि कमी विषारी अल्फांसाठी ४, बाकी अल्फांसाठी ०.४ बेकरेल प्रति चौरस सेंमी आहे, आणि सरासरी ३०० चौरस सेंमीवर घ्यायची असते. कामाच्या जागेसाठी बरेचदा १०० चौरस सेंमी वापरतात. क्षेत्रफळ न लिहिता नुसतं '१.६' लिहिणाऱ्याचा अहवाल परत पाठवायला हरकत नाही.

जुन्या कागदांवर डीपीएम (मिनिटाला विघटनं) प्रति १०० चौरस सेंमी असं एकक भेटतं. १ बेकरेल प्रति चौरस सेंमी म्हणजे ६००० डीपीएम प्रति १०० चौरस सेंमी.

प्रोब किती हळू फिरवायचा

प्रश्नातला 'प्रोब फिरवला, बॅकग्राउंडइतकाच आला' हा भाग मला सगळ्यांत जास्त खटकतो. सेकंदाला पाच सेंटिमीटर वेगाने फिरवलेल्या पॅनकेकखाली एखादी जागा जेमतेम ०.९ सेकंद राहते. बॅकग्राउंड ५० सीपीएम असेल तर तेवढ्या वेळात सरासरी एक क्लिकही पडत नाही. टेबलावर १ बेकरेल प्रति चौरस सेंमी फॉस्फरस-३२ पसरलेलं असेल तर त्याच वेळात चारेक जादा क्लिक पडतील, कान लगेच टवकारतील. तेवढंच कार्बन-१४ असेल तर जादा भर ०.३४ काउंटची. ती कोणालाच ऐकू येणार नाही. कार्बन-१४ साठी वेग सेकंदाला एक सेंटिमीटरवर आणला तरी हे काम पॅनकेकचं नव्हे. १०० चौरस सेंमी खिडकीचा पातळ सिंटिलेशन किंवा प्रोपोर्शनल प्रोब घ्या.

स्पीकर चालू ठेवा आणि डोळे प्रोबवर. काटा किंवा आकडा काही सेकंद मागे असतो, क्लिक त्या क्षणीची असते. मीटरचा प्रतिसाद 'स्लो'वर ठेवून शोध घेऊ नका. शोधताना 'फास्ट', एका जागी मोजताना 'स्लो' किंवा त्याहून बरं म्हणजे ठरावीक वेळेची मोजणी. क्लिक वाढल्यासारखं वाटलं की थांबा, मागे या, दोन-तीन सेकंद धरून ठेवा.

एका जागी मोजतानाही सीमा माहीत हवी. बॅकग्राउंड ५०, मोजणी एक मिनिट. 'इथे काहीतरी आहे' म्हणायला निव्वळ काउंट २.३३ गुणिले ५० चं वर्गमूळ, म्हणजे सोळा-सतराच्या वर हवेत. खात्रीने पकडता येईल अशी किमान पातळी म्हणजे २.७१ अधिक ४.६५ गुणिले तेच वर्गमूळ: ३५.६ काउंट. फॉस्फरस-३२ साठी याचे होतात ०.१२ बेकरेल प्रति चौरस सेंमी, कार्बन-१४ साठी १.५. मोजणी पाच मिनिटांची केली तर कार्बन-१४ ची सीमा ०.६६ वर येते. पाचपट वेळ देऊन सव्वादोनपट फायदा, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. 'आढळलं नाही' लिहायचं असेल तर ही किमान पातळी शेजारी लिहा आणि ती मर्यादेच्या खाली आहे ना ते बघा. मर्यादा ०.४ आणि मोजण्याची सीमा १.५ असेल तर 'आढळलं नाही' या वाक्याला काहीच किंमत नाही.

वाइप कशासाठी आणि कसा

प्रोब चिकटलेलं आणि सुटं असं दोन्ही कंटॅमिनेशन एकत्र मोजतो. हाताला लागून पोटात किंवा हवेत उडून फुप्फुसात जाण्याची भीती सुट्याची असते, म्हणून ते वेगळं मोजायचं. शिवाय ट्रिटियमला दुसरा पर्याय नाही, आणि शेजारी सोर्सची तिजोरी असल्याने बॅकग्राउंड हजारांत असेल तिथेही वाइप घेऊन शांत खोलीत मोजणं हाच उपाय.

४७ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर पेपर घ्या, हातमोजे घाला, मधल्या दोन बोटांनी मध्यम पण सारखा दाब देत १० गुणिले १० सेंमी जागेवर 'एस'च्या वळणाने एकदाच फिरवा. पुन्हा त्याच रेघेवर मागे येऊ नका, उचललेलं परत तिथेच लागतं. प्रत्येक वाइप वेगळ्या पाकिटात, पाकिटावर जागा आणि क्रमांक आधीच लिहिलेला. पुसलेली बाजू प्रोबकडे ठेवा, पण खिडकीला टेकवू नका. ओला वाइप पूर्ण सुकवून मोजा: ०.१ मिलिमीटर पाणी म्हणजे १० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंमी, अल्फाला तेवढं आडवं आलं की संपलं. ओल्या टेबलावर थेट मोजतानाही हेच.

वाइपने सगळं सुटं कंटॅमिनेशन उचललं जात नाही. किती उचललं गेलं हे माहीत नसेल तर १० टक्के धरतात. १०० चौरस सेंमीच्या वाइपवर फॉस्फरस-३२ चे निव्वळ १९२ सीपीएम आले, तर सेकंदाला ३.२, भागिले ०.३२ म्हणजे कागदावर १० बेकरेल. त्याला ०.१ आणि १०० ने भागा: १ बेकरेल प्रति चौरस सेंमी. काही ठिकाणच्या वाइप-मर्यादांमध्ये हा दहा टक्क्यांचा भाग आधीच धरलेला असतो. तिथे पुन्हा भागलं तर दहापट जास्त, आणि नसताना विसरलं तर दहापट कमी. हिशेबाआधी मर्यादेचा मजकूर वाचा.

गुळगुळीत स्टीलवर १० टक्के हा अंदाज फारच सावध ठरतो. एकाच जागेवर लागोपाठ वाइप घेऊन तो सुधारता येतो: पहिल्यावर ४००, दुसऱ्यावर १५०, तिसऱ्यावर ५० आणि पुढे नगण्य, तर पहिल्याने ६०० पैकी ४०० उचलले, म्हणजे ०.६७. हा आकडा त्या पृष्ठभागापुरता आणि त्या रसायनापुरताच.

ट्रिटियमसाठी कागद किंचित ओलसर करून घेतात आणि लगेच कॉकटेल (चमक देणारं द्रावण) भरलेल्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, टाकतात. वाळू दिला तर ट्रिटियम असलेलं पाणी उडून जातं. व्हायल काउंटरमध्ये अंधारात थोडा वेळ ठेवून मगच मोजा. साफसफाईची रसायनं कॉकटेलशी मिसळली की स्वतःच प्रकाश सोडतात आणि तो नेमका ट्रिटियमच्याच पट्ट्यात येतो. तासाभराने मोजल्यावर आकडा झपाट्याने उतरला, तर तो बहुतेक हाच प्रकार. कोरा वाइपही सोबत मोजायचा, नाहीतर वजा काय करणार?

जिथे गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं

बॅकग्राउंड हवेत धरून घेऊ नका. ग्रॅनाइट, विटा, चकाकीच्या टाइल्स यांच्यात पोटॅशियम-४०, युरेनियम, थोरियम मुळातच असतात. त्याच मालाच्या, पण काम न झालेल्या कोपऱ्यावर बॅकग्राउंड घ्या.

रेडॉनची पिल्लं (हवेतल्या रेडॉन वायूच्या विघटनातून बनलेली मूलद्रव्यं) दिशाभूल करण्यात पटाईत. प्लॅस्टिक आणि स्थिर विजेने भारलेल्या पृष्ठभागांवर ती बसतात, वाइपवर अल्फा आणि बीटा दोन्ही दिसतात आणि धावपळ उडते. तोच वाइप अर्ध्या-पाऊण तासाने मोजा, आकडा निम्म्याच्या आसपास आला तर रेडॉन-२२२ ची पिल्लं. चार तासांनी जवळपास काही उरत नाही. थोरॉनच्या (रेडॉन-२२० च्या) साखळीतलं शिसं-२१२ मात्र १०.६ तासांच्या अर्धायुष्याने उतरतं, त्याला तीन-चार दिवस द्यावे लागतात. तोवर ती जागा बंद ठेवा. उतरेल असं गृहीत धरून उघडू नका.

झिंक सल्फाइड प्रोबच्या मायलार पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी प्रकाश आत शिरतो आणि काउंट उसळतात. कामाआधी टॉर्च मारून बघा. वायर वाकवल्यावर काउंट वाढत असतील तर कनेक्टर गेलाय.

प्रोबला क्लिंग फिल्म गुंडाळण्याची सवय फॉस्फरस-३२ साठी ठीक आहे. पण दहा मायक्रॉनची फिल्म म्हणजे जवळपास एक मिलिग्रॅम प्रति चौरस सेंमी, खिडकीच्या निम्म्याहून जास्त जाडी वाढली. अल्फा आणि कार्बन-१४ साठी गुंडाळूनच कॅलिब्रेट करा किंवा गुंडाळू नका.

जास्त ॲक्टिव्हिटीला जीएम नळी कमी मोजते. डेड टाइम (एका काउंटनंतर नळी आंधळी राहते तो वेळ) ८० मायक्रोसेकंद धरला, तर सेकंदाला १००० दिसतात तेव्हा खरे १०८७ असतात. ५००० दिसतात तेव्हा ८३३३. फार तीव्र क्षेत्रात काही मीटर चक्क शून्याकडे जातात. प्रोब जवळ नेताना क्लिक वाढत वाढत एकाएकी थांबल्या तर मागे सरका, ते स्वच्छतेचं लक्षण नाही.

अल्फा आहे का बीटा, हे पॅनकेकवरच ओळखायचं असेल तर मध्ये साधा कागद धरा: काउंट कोसळले तर मोठा भाग अल्फाचा. बीटा आणि गॅमा वेगळे करायला ३ मिलिमीटर ॲल्युमिनियम. फॉस्फरस-३२ चे बीटा त्यात थांबतात, उरतं ते बहुतांशी गॅमा. यिट्रियम-९० ला एक मिलिमीटर जास्त लागतं.

कामाआधी बॅटरी, व्होल्टेज आणि चेक सोर्स (मीटर पारखायचा छोटा, ओळखीचा सोर्स) तपासा. चेक सोर्सचा आकडा ठरलेल्या किमतीपासून २० टक्क्यांहून जास्त ढळला तर मीटर बाजूला ठेवा. कामानंतर बॅकग्राउंड परत घ्या. सुरुवातीला ५० होता आणि आता ९० असेल तर प्रोबच माखलाय, आणि मधले सगळे आकडे संशयास्पद.

मूळ प्रश्नातल्या टेबलापुरतं: फॉस्फरस-३२ चंच काम झालं असेल, प्रोब एक सेंटिमीटरच्या आत ठेवून हळू फिरवला असेल, तर पॅनकेकने शोध, संशयाच्या जागी एक मिनिट मोजणी आणि दहा-बारा वाइप पुरतात. कार्बन-१४ असेल तर मोठ्या खिडकीचा प्रोब, वाइप सिंटिलेशन काउंटरमध्ये. ट्रिटियम असेल तर पॅनकेक कपाटातच राहू द्या. अहवालात तारीख, मीटर व प्रोबचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, न्यूक्लाइड, अंतर, दोन्ही कार्यक्षमता, बॅकग्राउंड, मोजणीचा वेळ, सरासरीचं क्षेत्रफळ, वाइपचं धरलेलं प्रमाण आणि किमान पातळी लिहा, सोबत टेबलाचा नकाशा काढून त्यावर वाइपचे क्रमांक टाका. काउंटचा मूळ आकडाही खोडू नका. सहा महिन्यांनी कार्यक्षमता चुकीची निघाली, तर हिशेब पुन्हा मांडायला तोच लागतो.